चीनची इलेक्ट्रिक गाडी जगभर धावणार का? आणि आपल्या मुलांनी त्यातून काय शिकायचं?



परिसर अभ्यासात वाहतुकीची साधने शिकवताना आपण मुलांना यादी करायला सांगतो. बैलगाडी, सायकल, एसटी, ट्रॅक्टर, रेल्वे ही नावे ठरलेलीच. आता मात्र मुलं स्वतःहून "चार्जिंगची गाडी" असंही सांगतात. आणि लगेच कुणीतरी मागून म्हणतं, "सर, ती चायनाची असती, टिकत नसती." मोठ्या माणसांकडून ऐकलेलंच ते बोलत असतं. "चले तो चांद तक, नहीं तो शाम तक" हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलेलं आहे. खेळणी, टॉर्च, दिवाळीच्या माळा यांच्या बाबतीत ते खरंही होतं.

पण गाडीच्या बाबतीत हे वाक्य आता अपुरं आहे. आणि वर्गात अपुरं वाक्य तसंच सोडून देणं बरोबर नाही. म्हणून आजचा लेख. थोडा लांब आहे, पण दोन तासिकांना पुरेल एवढा मजकूर त्यात आहे.

१) आधी साध्या शब्दांत समजून घेऊ

पेट्रोलच्या गाडीत इंधन जळतं, त्याच्या दाबाने दट्ट्या हलतो आणि चाक फिरतं. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीतली वीज मोटारला मिळते आणि मोटार चाक फिरवते. म्हणजे आपल्या शेतातली पाण्याची मोटार आणि ही गाडी चुलत बहिणीच. फरक एवढाच की शेतातल्या मोटारला तारेतून वीज येते, गाडी स्वतःची वीज सोबत घेऊन फिरते.

म्हणून या गाडीचा जीव आहे बॅटरी. गाडीच्या किमतीतला साधारण पाव ते तिसरा हिस्सा एकट्या बॅटरीचा असतो. ज्याच्या हातात बॅटरी, त्याच्या हातात गाडीचा धंदा. हे एक वाक्य मुलांच्या डोक्यात पक्कं बसलं की पुढचा सगळा धडा सोपा होतो.

२) चीनने सुरुवात कुठून केली?

पेट्रोल-डिझेलच्या इंजिनात जर्मनी, जपान, अमेरिका यांच्या शंभर वर्षांच्या अनुभवाला गाठणं चीनला अवघड होतं. वान गांग नावाचे चिनी अभियंता जर्मनीत ऑडी कंपनीत काम करत होते. त्यांनी साधारण २००० साली आपल्या सरकारपुढे विचार मांडला की इंजिनाच्या शर्यतीत मागे धावण्यापेक्षा विजेच्या गाडीची नवी शर्यत आपणच सुरू करू. २००७ मध्ये तेच चीनचे विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री झाले. २००९ पासून सरकारने या गाड्यांना अनुदान द्यायला सुरुवात केली आणि ते २०२२ च्या अखेरपर्यंत चालू ठेवलं. शेनझेन शहराने २०१७ च्या अखेरीस आपल्या सगळ्या, म्हणजे १६ हजारांहून जास्त, सिटी बस विजेवर आणल्या. आपल्या अख्ख्या एसटीचा ताफा साधारण १५ हजारांच्या घरात आहे. यावरून अंदाज करा.

याच शेनझेनमध्ये १९९५ साली वांग चुआनफू यांनी बीवायडी ही कंपनी काढली. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. आईवडील लवकर गेले, थोरल्या भावाने शिकवलं. सुरुवातीला वीसेक माणसं घेऊन ते मोबाइलच्या बॅटऱ्या बनवायचे. २००३ मध्ये त्यांनी एक डबघाईला आलेली कार कंपनी विकत घेतली. तेव्हा लोक हसले. २०११ मध्ये एका मुलाखतीत बीवायडीचं नाव निघाल्यावर टेस्लाचे इलॉन मस्कही हसले होते. २०२४ मध्ये निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या टेस्लाने सुमारे १७.९ लाख विकल्या आणि बीवायडीने सुमारे १७.६ लाख. २०२५ मध्ये बीवायडी पुढे निघून गेली.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. चिनी गाड्यांत जी स्वस्त आणि तुलनेने सुरक्षित बॅटरी वापरतात ती लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी. हा पदार्थ बॅटरीसाठी उपयोगी आहे हे चीनमध्ये सापडलेलं नाही. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरील कामासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९९७ च्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव आहे पाढी आणि दुसरं नंजुंडस्वामी. दोघेही भारतातून गेलेले संशोधक. म्हणजे शोधात आपली माणसं होती, पण कारखाना उभा राहिला दुसरीकडे. शोध लावणं आणि तो लाखोंच्या संख्येत स्वस्तात बनवून दाखवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. आपण मुलांना पहिलीबद्दल भरपूर सांगतो, दुसरीबद्दल फारसं सांगतच नाही.

३) एवढी स्वस्त परवडते कशी?

याचं उत्तर "मजुरी स्वस्त" एवढंच नाही. कारणं चार आहेत.

- सगळं एका घरात. बीवायडी बॅटरी, मोटार आणि बऱ्याचशा चिप स्वतः बनवते. आता तर गाड्या परदेशात न्यायला स्वतःची जहाजंही आहेत. त्यातलं पहिलं जहाज २०२४ च्या जानेवारीत निघालं. त्यात सुमारे ७ हजार गाड्या मावतात. मधला दलाल जेवढा कमी, तेवढा खर्च कमी. हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.
- प्रचंड संख्या. २०२४ मध्ये जगात सुमारे १ कोटी ७० लाखांहून जास्त इलेक्ट्रिक कार विकल्या गेल्या. त्यातल्या १ कोटी १० लाखांहून जास्त एकट्या चीनमध्ये. आणि जगात बनलेल्या अशा कारपैकी ७० टक्क्यांहून जास्त चीनमध्ये बनल्या.
- कच्चा माल. लिथियम ऑस्ट्रेलिया, चिलीतून निघतं, पण ते शुद्ध करण्याचे बहुतेक कारखाने चीनमध्ये आहेत. जसा कापूस बीडचा, पण सूत गिरणी दुसऱ्याची.
- सरकारचा हात आणि आपसातली मारामारी. अनुदान, स्वस्त कर्ज, जागा हे सगळं मिळालं म्हणून शंभरावर कंपन्या निघाल्या. आता त्या एकमेकींचे भाव पाडत आहेत. यात बऱ्याच बुडाल्याही. वेल्टमायस्टर ही कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा गाडी घेतलेल्या लोकांना सर्व्हिसची आणि सुट्या भागांची अडचण झाली.

म्हणजे स्वस्ताईत हुशारी आहे, कष्ट आहेत आणि सरकारी टेकूही आहे. यातलं एकच कारण सांगितलं तर धडा अर्धा राहतो.

४) जगात कुठे वाट मोकळी, कुठे अडसर?

जगाचा नकाशा भिंतीवर लावा आणि मुलांना तीन रंगांचे खडू द्या.

*लाल रंग, दार बंद:* अमेरिकेने सप्टेंबर २०२४ पासून चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के आयात कर लावला. दहा लाखांची गाडी तिथे पोचेपर्यंत वीस लाखांची होते. कोण घेणार?

*पिवळा रंग, दार अर्धं उघडं:* युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२४ अखेर आधीच्या १० टक्क्यांवर जादा कर लावला. बीवायडीला १७ टक्के, एमजीची मालक असलेल्या एसएआयसीला ३५.३ टक्के. म्हणणं एकच की चिनी सरकारच्या मदतीमुळे ही स्पर्धा बरोबरीची नाही. यावर चिनी कंपन्यांनी तोडगा काढला: युरोपातच कारखाना टाकायचा. बीवायडीचा कारखाना हंगेरीत सेगेड इथे उभा राहिला आहे.

*हिरवा रंग, दार उघडं:* थायलंडमध्ये रायोंग इथे २०२४ च्या जुलैत बीवायडीचा कारखाना सुरू झाला. ब्राझीलमध्ये तर फोर्ड कंपनी जी जागा सोडून गेली, तिथेच बीवायडी आली. शेजारच्या नेपाळमध्ये नव्या विकल्या जाणाऱ्या चारचाक्यांत बहुसंख्य इलेक्ट्रिक आहेत आणि त्यात चिनी गाड्यांचा मोठा वाटा आहे. नेपाळकडे नदीवरची वीज आहे, पेट्रोल मात्र सगळं बाहेरून आणावं लागतं. इथिओपियाने २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी कार आयात करणंच बंद केलं.

नकाशा रंगवून झाला की मुलांना विचारा, "हिरव्या देशांत काय सारखं आहे?" उत्तर बहुतेक मुलं शोधतात. जिथे स्वतःची मोठी कार कंपनी नाही, तिथे चिनी गाडीला विरोध कमी. जिथे कारखाने आणि कामगार आहेत, तिथे भिंत उंच. प्रश्न गाडीचा असतो तेवढाच रोजगाराचाही असतो.

५) आपला महाराष्ट्र या नकाशात कुठे?

भारत कुठल्या रंगात रंगवायचा, यावर वर्गात वाद होतो आणि तो होऊ द्यावा. बाहेरून आयात केलेल्या तयार कारवर आपल्याकडे जबर कर आहे. शिवाय एप्रिल २०२० च्या नियमाने सीमेला सीमा लागून असलेल्या देशांतील कंपन्यांना गुंतवणुकीसाठी केंद्र सरकारची मंजुरी घ्यावी लागते. तरीही चीन आपल्या रस्त्यावर आहेच. चार उदाहरणं बघा.

तळेगाव. पुण्याजवळ तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना होता. तो घेण्याचं चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने २०२० च्या जानेवारीत ठरवलं. जून २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारबरोबर ३,७७० कोटींचा सामंजस्य करार झाला. त्याच दिवसांत गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले. राज्याने तीन चिनी कंपन्यांचे मिळून सुमारे ५,००० कोटींचे करार थांबवले. पुढे दोन वर्षं मंजुरी मिळाली नाही आणि २०२२ च्या मध्याला ग्रेट वॉलने नाद सोडला. दरम्यान डिसेंबर २०२० मध्ये कारखाना बंद झाला होता आणि हजारावर कामगारांच्या रोजीरोटीचा प्रश्न उभा राहिला होता. शेवटी २०२३ मध्ये ह्युंदाईने करार करून तो कारखाना घेतला.
सरकारचा निर्णय बरोबर की चूक, हे मुलांना आपण सांगायचं नाही. देशाची सुरक्षा एका पारड्यात, कामगाराची चूल दुसऱ्या पारड्यात. तराजू मुलांच्या हातात द्यायचा.

एसटी. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच मार्गावर पहिली विजेवरची 'शिवाई' धावली. ही बस हैदराबादच्या ऑलेक्ट्रा कंपनीची, आणि ऑलेक्ट्राला तंत्रज्ञान मिळालं बीवायडीकडून. पुण्याच्या पीएमपीमध्येही ऑलेक्ट्राच्या बस २०१९ पासून आहेत. म्हणजे नाव शिवाई, बांधणी हैदराबादची, आणि मुळातलं तंत्र शेनझेनचं.

चाकण. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये आल्या. आराखडा आपला, कारखाना चाकणचा, कामगार मराठवाड्यापासून विदर्भापर्यंतचे. पण बॅटरीतले सेल बीवायडीचे. एमजी विंडसर ही अनेकांना इंग्रजी गाडी वाटते. एमजी हे नाव ब्रिटिश, मालकी चीनच्या एसएआयसीची आणि आपल्या जेएसडब्ल्यूची, मूळ आराखडा चीनच्या वुलिंगचा आणि जोडणी गुजरातमधल्या हलोलला. ती काही महिने देशात सर्वांत जास्त विकली गेलेली इलेक्ट्रिक कार होती.

आकुर्डी. आपल्या सगळ्यांच्या ओळखीची बजाज चेतक. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्यं आणि त्यांचे चुंबक यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. विजेच्या मोटारीत हे चुंबक लागतात आणि जगातले जवळपास ९० टक्के चुंबक चीनमध्ये बनतात. राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगितलं की ऑगस्टमध्ये चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. पुढे काही पुरवठा मिळाला आणि काम मार्गी लागलं. पण बघा, बोटाएवढ्या चुंबकासाठी अख्खा कारखाना अडू शकतो.

गाडीवर 'मेड इन इंडिया' लिहिलेलं आहे की नाही, एवढं विचारून भागत नाही. गाडीचा कोणता भाग, कुठून, आणि तो थांबला तर काय, हे विचारायला मुलांना शिकवायचं आहे.

६) धूर गेला कुठे?

हा मुद्दा आपल्या जिल्ह्याचा आहे. बीडच्या सुभाष रोडवर इलेक्ट्रिक स्कूटर फिरली तर तिथे धूर निघत नाही. पण तिच्यात भरलेली वीज कुठून आली? आपल्या परळीत औष्णिक वीज केंद्र आहे. तिथे कोळसा जळतो. म्हणजे धूर गल्लीतून उठून चिमणीवर गेला. तरीही फायदा आहे, कारण विजेची मोटार पेट्रोलच्या इंजिनापेक्षा ऊर्जा कितीतरी कमी वाया घालवते. पण "शून्य प्रदूषण" ही जाहिरातीची भाषा आहे, विज्ञानाची नाही.

आणि कोळशाच्या विजेला पाणी लागतं. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, हे पालकांना आठवत असेल. आपल्याकडं ऊन मात्र भरपूर आहे. गाडी खरी स्वच्छ व्हायची असेल तर वीज उन्हाची आणि वाऱ्याची हवी. गंमत अशी की सौर पॅनल बनवण्यातही चीनच पुढे आहे.

७) मग पुढे काय होईल?

मला जे चित्र दिसतं ते असं. अमेरिकेचं दार सहज उघडणार नाही. युरोपात चिनी गाडी राहील, पण हळूहळू तिथल्याच कारखान्यात बनेल. आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका इथे तिचा विस्तार वाढेल. चीनमधल्या शंभर कंपन्यांपैकी मोजक्या उरतील आणि ज्या उरतील त्या फार बळकट असतील. भारतात गाडी आपल्या नावाची असेल, पण सेल, चुंबक आणि यंत्रं बराच काळ तिकडूनच येतील. हे बदलायचं असेल तर ते इथे बनवणारी माणसं लागतील.

ती माणसं आज आपल्या वर्गात बसलेली आहेत. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. कितीतरी घरांतला थोरला वाळूज किंवा चाकणच्या कंपनीत आहे. गावातला हुशार पोरगा आयटीआयला डिझेल मेकॅनिक करतो आणि रोडला गॅरेज टाकतो. इलेक्ट्रिक गाडीत ऑइल बदलायचं नसतं, क्लच नसतो, सायलेन्सर नसतो. आज पाचवीत असलेलं मूल कामाला लागेल तोपर्यंत या गॅरेजचं काय झालेलं असेल? तिकडे छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत एथर, टोयोटा-किर्लोस्कर, जेएसडब्ल्यू अशा कंपन्यांनी इलेक्ट्रिक आणि हायब्रिड वाहनांच्या प्रकल्पांची घोषणा केलेली आहे. बीडपासून ते अंतर काही तासांचं आहे. तिथे आपली पोरं गेटवर उभी राहणार की आत बॅटरी तपासणार, हे आज आपण गणित आणि विज्ञान कसं शिकवतो त्यावर बरंचसं अवलंबून आहे.

८) वर्गात कसं घ्यायचं? तीन कृती

कृती १ (इयत्ता ३री-४थी): जुन्या खेळण्यातली छोटी मोटार, एक सेल, दोन वायरी. सेल उलटा लावला की मोटार उलटी फिरते. मग मोटार उघडून आतले चुंबक दाखवा. "हाच चुंबक मिळाला नाही तर?" एवढं विचारून थांबा.

कृती २ (इयत्ता ५वी-७वी), गणित: समजा इलेक्ट्रिक कार ३० युनिटमध्ये २०० किमी जाते आणि युनिट १० रुपये. खर्च ३०० रुपये. समजा पेट्रोलची कार लिटरला २० किमी देते आणि पेट्रोल १०५ रुपये. २०० किमीला १० लिटर, म्हणजे १,०५० रुपये. बचत ७५० रुपये, किलोमीटरला ३ रुपये ७५ पैसे. आता इलेक्ट्रिक कार २ लाखांनी महाग असेल तर ते पैसे किती किमीनंतर फिटतील? २,००,००० ÷ ३.७५ = सुमारे ५३,३३३ किमी. मग मुलांनी आपल्या घरची गाडी वर्षाला किती चालते ते विचारून यायचं आणि किती वर्षं लागतील ते काढायचं.

कृती ३ (चर्चा): वर्गाचे तीन गट: ग्राहक, कामगार, सरकार. विषय: "तळेगावचा कारखाना चिनी कंपनीला द्यायला हवा होता का?" अट एकच, शिवी नाही, कारण द्यायचं.

९) पालकांसाठी दोन शब्द

इलेक्ट्रिक दुचाकी किंवा कार घ्यायचा विचार असेल तर देश नंतर बघा, आधी या गोष्टी विचारा. जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब? बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, किती किमी आणि लेखी आहे का? उन्हाळ्यात आपल्याकडचा पारा ४० च्या वर जातो, तेव्हा गाडी सावलीत लावायची सोय आहे का? घरचं अर्थिंग नीट आहे का? लोडशेडिंगच्या वेळा काय? कंपनी उद्या बंद पडली तर पार्ट कोण देणार? राज्याच्या २०२५ च्या धोरणात सवलती आणि समृद्धीसारख्या महामार्गांवर टोलमाफी आहे, त्याची माहिती शोरूमवाल्याकडून पक्की करून घ्या.

आणि मुलांसमोर बोलताना "चायना माल" हा शब्द जरा जपून वापरू या. सीमेवर जे घडलं ते विसरायचं नाही. पण ज्याच्याशी स्पर्धा करायची आहे त्याचा अभ्यास करावा लागतो, टिंगल करून भागत नाही. मुलांना तिरस्कारही नको आणि भुरळही नको. त्यांना गाडी उघडून आत काय आहे ते बघायची सवय लागली, तरी आपलं काम झालं.

आपल्या वर्गात या कृती घेतल्या तर मुलांनी काय उत्तरं दिली ते जरूर कळवा. विशेषतः तळेगावच्या चर्चेतली. मुलं आपल्यापेक्षा सरळ विचार करतात, असा माझा तरी अनुभव आहे.